पांढऱ्या पट्टीवरचं नाव

हॅडलॉक, न्यू हॅम्पशायर
२२ ऑगस्ट १९८२

चि. ऑल्डन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. नेहमीसारखंच डाव्या हाताने फरफटलेलं. अर्धी शाई कागदावर, अर्धी तुझ्या बाहीवर गेली असणार. फ्लोरिडाच्या उन्हात छाती सुधारली म्हणतोस, अक्षर काही सुधारलं नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण हिवाळ्याच्या सरपणाची रास माझी मीच रचली. बागेतली झुकिनी यंदा इतकी उतू चालली आहे की लोक गाडीला कुलूप लावून चर्चमध्ये जातात. उघडी ठेवली तर प्रार्थना संपेपर्यंत मागच्या सीटवर कोणीतरी चार ठेवून पळालेलं असतं. मी स्वतः पाद्रीबुवांच्या गाडीत सहा ठेवल्या.

आता मुख्य बातमी. मॉड पेटेंगिलने विधानसभेच्या निवडणुकीतून नाव मागे घेतलं. चौदा सप्टेंबरला आपल्या पक्षाचा उमेदवार ठरायचा आहे, त्यासाठी तिघं उभे होते: तुझा रॉइस, तो ड्वाइट कोलबर्न आणि मॉड. रॉइस आणि ड्वाइट दोघांनाही गावातली शाळा बंद करून पोरांना बावीस मैलांवर कॅन्बीला पाठवायचं आहे. मॉड एकोणीस वर्षं शाळेची बस चालवते. शाळा इथेच राहावी, एवढ्याच एका गोष्टीसाठी ती उभी राहिली होती. आता म्हणते, घरगुती अडचण आली. तिच्या घरात एक नवरा आणि एक बहिरा कुत्रा. दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे, मी काल बघून आले.

मतपत्रिका तर छापून आल्या आहेत. म्हणून टाउन क्लार्क ऑर्फा म्हणते की मॉडच्या नावावर कागदाची पांढरी पट्टी चिकटवायची, प्रत्येक मतपत्रिकेवर. पुढच्या गुरुवारी आम्ही सहा जणी त्या कामाला बसणार. खळ करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं आहे.

तुझी मतपत्रिका टपालाने पाठवायला ऑर्फाला सांगते. ऊन जपून खा. माझ्यावर जीव आहे तसा असू दे.

तुझी बहीण,
थिर्झा


फोर्ट मायर्स, फ्लोरिडा
२९ ऑगस्ट १९८२

ती. थिर्झास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाद्रीबुवांची दया आली. इथे आमच्याकडे झुकिनी नाही, पण न्हाणीघरात सरडे येतात, आणि ते कोणाच्या गाडीत ठेवता येत नाहीत. डॉक्टर म्हणतात हा एक हिवाळा इथेच काढा, मग खुशाल घरी जा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मात्र चार दिवस तरी येणार. तुझ्या हातची टर्की कोरडी होते, तरी येणार.

मॉडचं मला रॉइसकडून आधीच कळलं होतं. त्याचा फोन आला होता, भलताच खुशीत होता. म्हणाला, बाबा, मी स्वतः तिच्याकडे गेलो, शांतपणे बोललो आणि तिला पटलं. कसं पटलं ते मी विचारलं नाही. फोनची लाइन खराब होती.

थिर्झा, तुला माहीत आहे त्याचं कसं चाललं आहे. केसाळ कातड्यांसाठी चिंचिला पाळल्या, त्या मेल्या. स्कीचं दुकान काढलं, त्या वर्षी बर्फच पडलं नाही. बेचाळिशीला आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी त्याच्या हाताला लागतं आहे. मॉड बाजूला झाल्यावर त्याचं आणि ड्वाइटचं अगदी बरोबरीला आलं आहे म्हणे. एकेक मत मोलाचं आहे. तेव्हा या वेळी तू उगाच नाक खुपसू नकोस. पट्ट्या चिकटव, रॉइसच्या नावापुढे फुली मार आणि घरी जा. आत्या म्हणून एवढं कर.

गुडघ्याला ऊब दे. रागावली असशील तर ते पत्रात घालू नकोस, नुसता लोभ घाल.

तुझा भाऊ,
ऑल्डन


हॅडलॉक
४ सप्टेंबर १९८२

चि. ऑल्डन यास अनेक आशीर्वाद.

तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगते कसं पटलं ते.

मॉड माझं लोणच्याचं पातेलं परत द्यायला आली होती. बसली आणि रडायलाच लागली. मॉड रडताना मी कधी पाहिली नव्हती. बर्फात बस घसरून खड्ड्यात गेली तेव्हाही तिने सतरा पोरं गाणी म्हणवत पायी घरी पोचवली होती. तर रॉइस तिच्याकडे गेला, तिच्या टेबलाशी बसला, तिने भाजलेल्या ब्लूबेरी पायचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला की ऑक्टोबरात बसचं कंत्राट शाळा समितीपुढे येतंय. काही सभासदांना वाटतंय की कॅन्बीची कंपनी बरी, आणि विधानसभेत जायला निघालेल्या बाईला बस चालवायला वेळ तरी कुठला मिळणार. आणि त्या समितीवर तो स्वतः आहे! धमकी म्हणावी तर त्यात एक शब्द वावगा नाही. ब्लूबेरी पायसुद्धा छान झालंय म्हणाला.

गुरुवारी आम्ही पट्ट्या चिकटवायला बसलो. सहा जणी, सहा कुंचले, मधे माझी खळ. एरवी आम्ही सहा जणी एकत्र बसलो की छप्पर उडतं, त्या दिवशी नुसते कुंचले चालले होते. मॉड पेटेंगिल, पट्टी. मॉड पेटेंगिल, पट्टी. चारशेवर वेळा तिचं नाव मी माझ्या बोटाने दाबून झाकलं असेल. आणि साधारण शंभराव्या मतपत्रिकेला माझ्या लक्षात आलं की पट्टी कोरी आहे, अगदी एक नाव मावेल एवढी. आणि मतदानाच्या बूथमध्ये दोरीला पेन्सिल बांधलेली असते. मी ऑर्फाला विचारलं, छापील नाव झाकलं पण कोणी हाताने लिहिलं तर. ती म्हणाली, लिहिलेलं नाव मोजावंच लागतं, कायदाच तसा आहे. बाकीच्या पाच जणी आपापल्या कुंचल्याकडे बघत होत्या.

तर ऐक. मी मॉडचं नाव लिहिणार आहे. आधीच सांगते, मागाहून दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. रॉइसला मी न्हाऊ घातलंय, त्याच्या गोवरात दहा रात्री जागले आहे, पण माझं मत त्याला नाही. ड्वाइटला तर नाहीच. ती बाई मुकाट बाजूला झाली म्हणून ती कधी उभीच नव्हती असं मी होऊ देणार नाही.

आणि तू एक आठव. बाबांनी तुझा डावा हात रुमालाने कमरेला बांधला होता, उजव्याने लिही म्हणून. तसाच बांधलेला तू शाळेत गेलास. तो रुमाल कोणी सोडला आणि कुठल्या शाळेत, ते आठव.

तुझ्या नावाची मतपत्रिका ऑर्फाने काल टपालात टाकली. तुझं मत तुझं, मी काही सांगत नाही. टर्की या वेळी कोरडी होणार नाही. तेवढी माया ठेव.

थिर्झा


फोर्ट मायर्स
१७ सप्टेंबर १९८२

थिर्झास,

नमस्कार वगैरे आज समजून घे.

एका मताने! ड्वाइट कोलबर्न एकशे अठ्ठ्याऐंशी, रॉइस एकशे सत्त्याऐंशी. एका मताने हरला माझा मुलगा, आणि सख्ख्या आत्याने आपलं मत अशा बाईला दिलं जी उभीच नव्हती! वाऱ्यावर उधळलंस. त्यापेक्षा ड्वाइटला दिलं असतंस तर निदान त्याला काही अर्थ होता.

रॉइसचा फोन आला. तो काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. चिंचिला मेल्या तेव्हासुद्धा हा मुलगा बोलत होता. मी त्याला काय सांगू? लहानपणापासून तुझ्याच अंगाखांद्यावर वाढला तो. चुकला असेल. कोण चुकत नाही? त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनावायचे होतेस, मी तुला अडवलं नसतं. हे असं गुपचूप, पेन्सिलीने, घरच्याच माणसाने करावं?

थँक्सगिव्हिंगला मी येत नाही. टर्की तू आणि मॉड बसून खा.

लोभाबद्दल आज लिहवत नाही.

ऑल्डन


हॅडलॉक
२२ सप्टेंबर १९८२

चि. ऑल्डन यास आशीर्वाद. तुला नको असले तरी.

गुपचूप? मी तुला दहा दिवस आधी लिहून कळवलं होतं. याहून मोठ्याने कसं सांगायचं, ते तूच शिकव.

आणि हिशेब नीट कर. माझ्या एकटीच्या मताने तुझा मुलगा निवडून येत नव्हता, फार तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकली असती. शिवाय मॉडचं नाव लिहिणारी मी एकटी नव्हते. एकोणचाळीस, ऑल्डन! एकोणचाळीस मतपत्रिकांवर त्या पांढऱ्या पट्टीवर मॉड पेटेंगिल लिहिलेलं होतं.

तू मोजणीला हवा होतास. सगळं गाव सभागृहात बाकांवर बसलेलं. ऑर्फा एकेक मतपत्रिका उचलून मोठ्याने नाव वाचते, तुला माहीतच आहे. रॉइस, ड्वाइट, ड्वाइट, रॉइस, आणि मग मॉड पेटेंगिल. मागून कोणीतरी खोकलं. पुन्हा रॉइस, पुन्हा ड्वाइट, पुन्हा मॉड. पाचव्या-सहाव्यापर्यंत लोक मान वळवून एकमेकांकडे बघत होते. विसाव्यापुढे कोणी खोकलंसुद्धा नाही. मॉडच्या नवऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो शेवटपर्यंत बायकोकडेच बघत बसला. मला त्या वेळी रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मॉड मात्र दुसऱ्या दिवशी तणतणत आली, म्हणाली: मी नाव मागे घेतलं होतं, तुम्हाला कोणी विचारलं होतं, आता रॉइसला वाटेल मीच हे घडवून आणलं, कंत्राट तर गेलंच म्हणून समजा. मी ऐकून घेतलं. तिचंही खोटं नव्हतं. मी तिला म्हटलं, एक मत माझं, त्याची शिक्षा मला दे, बाकीच्या अडतिसांना तूच जाऊन विचार. तेव्हा दार आपटून गेली.

मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजवर एकतीस वर्षं बसले, या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. तेव्हा कट केला असं तू मनातसुद्धा आणू नकोस. आणि थँक्सगिव्हिंगची भीती मला घालू नकोस. चौदा पौंडांची टर्की मी एकटी संपवू शकते, ख्रिसमसपर्यंत पुरवून खाईन. परत मतदान झालं तर परत तेच नाव लिहीन.

तुझा लोभ सध्या तुझ्याजवळच ठेव. माझा इथून येतोच आहे.

थिर्झा


हॅडलॉक
२५ सप्टेंबर १९८२

ती. थिर्झा आत्यास, सा. न. वि. वि.

आपण एकाच गावात, अर्ध्या मैलावर राहतो आणि मी तुला पत्र लिहितो आहे. पण समोर आलो तर मला नीट बोलता येणार नाही.

मी फेरमोजणी मागितली आहे. बुधवारी कॉन्कर्डला, राजधानीत होईल. एका मताचा फरक असताना मागणं हा माझा हक्क आहे. मला एकच विचारायचं आहे. ती एकोणचाळीस माणसं कोणी जमवली? मॉडने, की तू? पक्षाचे लोक म्हणतात की हे कोणीतरी ठरवून केलं. मी मॉडशी जे बोललो त्यात खोटं काहीच नव्हतं. कंत्राट ऑक्टोबरात येणारच होतं. एवढ्यावरून अर्धं गाव माझ्याकडे पाठ फिरवून उभं राहील असं मला वाटलं नव्हतं.

बाबा फोनवर माझ्याशी धड बोलत नाहीत. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलेलं दिसतं. तुझ्यावर फार चिडले आहेत. मी त्यांना म्हटलं, तिच्यावर एकटीवर कशाला. तर त्यांनी फोनच ठेवला.

ऑर्फा मोठ्या रस्त्यावर गाडी चालवत नाही, म्हणून मतपेटी आणि तिला तूच नेणार असं ऐकलं. तेव्हा तिथे भेट होईलच. माझा राग आहे, पण जपून चालव.

तुझा भाचा,
रॉइस


हॅडलॉक
६ ऑक्टोबर १९८२

चि. ऑल्डन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. तरी मी लिहिते आहे, कारण दोन गोष्टी तुला कळायला हव्यात.

पहिली म्हणजे फेरमोजणी. मी ऑर्फाला आणि पेटीला घेऊन गेले. वाटेत ती तीनदा म्हणाली की आपण मरणार. मेलो नाही. तिथे एका लांब टेबलावर सगळ्या मतपत्रिका पसरल्या. एका बाजूला रॉइस आणि पक्षाचा एक माणूस, समोर ड्वाइट, टोकाला आम्ही दोघी. पुन्हा तेच, एकशे अठ्ठ्याऐंशी आणि एकशे सत्त्याऐंशी. मग मॉडच्या एकोणचाळीस वेगळ्या काढल्या. अडतीस पेन्सिलीच्या, बूथमधल्या त्या बोथट पेन्सिलीच्या, कोणाचं अक्षर मोठं, कोणाचं थरथरतं. एक मात्र निळ्या-काळ्या शाईची होती. म्हणजे ती बूथमध्ये लिहिलेली नव्हती, टपालाने आलेली होती. यंदा टपालाने तीनच मतं आली. नावाची शाई उजवीकडे फरफटलेली होती, लिहिता लिहिता त्यावरून बाही फिरावी तशी.

रॉइसने ती उचलली. पक्षाचा माणूस म्हणाला, ही खराब झाली आहे, हरकत घ्या. रॉइस तो कागद हातात धरून बघतच राहिला. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून तो तुझी पत्रं वाचायचा ना, तसा. मी खिडकीबाहेर बघत बसले. मग त्याने ती खाली ठेवली आणि म्हणाला, स्वच्छ वाचता येतंय, मोजा.

मी कोणाचं नाव घेत नाही, घेणारही नाही. एकतीस वर्षांची सवय आहे. जिन्यात रॉइसने मला विचारलं की बाबांना छातीचा त्रास परत सुरू झालाय का. मी म्हटलं, मला कळवत नाहीत, तूच विचार. त्याने माझा हात धरून मला पायऱ्या उतरवल्या.

दुसरी गोष्ट काल रात्रीची. शाळा समितीची बैठक होती. एरवी तिथे सभासद आणि कॉफीची किटली एवढेच असतात. काल खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे होते. मी मोजले नाहीत. बसचं कंत्राट आलं तेव्हा रॉइस उठला. मॉडला मी जे बोललो ते समितीवर असताना बोलायला नको होतं, असं सगळ्यांदेखत म्हणाला. कान लालबुंद झाले होते त्याचे. मग त्यानेच मॉडचं नाव सुचवलं. सगळे हात वर झाले. मी मान खाली घालून नाक पुसलं. इतका अभिमान मला तो निवडून आला असता तरी वाटला नसता.

आज मॉड आली, लोणच्याची बरणी आदळली माझ्या टेबलावर आणि म्हणाली, पुढच्या वेळी माझं नाव लिहायचं असेल तर ते मीच सांगेन. आणि सांगितलंच तिने. दोन नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत ड्वाइटविरुद्ध ती उभी आहे. छापील यादीत नाव नाही, ज्याला हवं त्याने हाताने लिहावं. जिंकणं कठीण आहे. ड्वाइटची मात्र झोप उडाली आहे.

माझा राग संपला आहे. तुझा कधी संपतो ते कळव.

थिर्झा


फोर्ट मायर्स
१३ ऑक्टोबर १९८२

ती. थिर्झास, सा. न. वि. वि.

शाई माझी.

मतपत्रिका आली तेव्हा तुझं पत्र शेजारीच होतं. फुली मारायला पेन रॉइसच्या नावापुढे टेकवलं. ते ब्लूबेरी पायचे दोन तुकडे डोळ्यांसमोर आले आणि हात पुढे जाईना. ड्वाइटला देणं मला मेलो तरी शक्य नव्हतं. मग आपल्या शाळेतली मिस ट्वॉम्बली आठवली. तिने तो रुमाल सोडला, घडी करून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली की घरी विचारलं तर सांग, बाईंनी सोडला. मी ती पट्टी भरली, पाकीट बंद केलं आणि स्वतःला सांगितलं की एका मताने काय होतंय.

एकाच मताने झालं. आपल्या दोघांची मिळाली असती तर तो निवडून आला असता, हे मला फोनवर आकडे ऐकताक्षणी कळलं होतं. मुलाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुझ्यावर ओरडलो. तू निदान आधी सांगून केलंस. गुपचूप करणारा मीच होतो. मला माफ कर, थिर्झा. ते पत्र जाळून टाक, तुझी सरपणाची रास तयारच आहे.

रविवारी रॉइसला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तुमचं अक्षर मी ओळखणार नाही होय. या वेळी लाइन चांगली होती. शेवटी मी त्याला बजावलं की नोव्हेंबरात मी मॉडचं नाव लिहिणार आहे, पक्षाला काय वाटायचं ते वाटो. तो म्हणाला, मी काय लिहिणार ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण हसत होता.

ऑर्फाला सांग, या वेळी माझी मतपत्रिका टपालाने पाठवू नकोस. डॉक्टर नको म्हणतात, म्हणू देत. एकतीस तारखेच्या विमानाने येतो आहे, रॉइस घ्यायला येणार आहे. मग थँक्सगिव्हिंगपर्यंत राहतो, टर्की कशीही होऊ दे. बूथमधल्या पेन्सिलीला मात्र नीट टोक करून ठेवायला सांग. या वेळी सगळ्या गावादेखत आत जाईन, आणि डाव्या हाताने, काही न फरफटवता लिहीन.

लोभ प्रत्यक्ष घेऊन येतो आहे.

तुझा भाऊ,
ऑल्डन